निळी फाईल आणि दक्षिणेचं दार

हॅनोव्हरला आल्यापासून मी पंधरा-वीस लग्नं जमवली. सगळी टिकली आहेत. मुलीच्या जागी एखादं भाड्याचं घर असायचं आणि मुलाच्या जागी पुण्या-मुंबईहून नुकतंच उतरलेलं एखादं जोडपं. त्यांच्या हातात दोन-दोन सुटकेस, डोळ्यांत झोप आणि पाकिटात नोकरीचं पत्र.

ज्यांनी जर्मनीत भाड्याने घर शोधलेलं नाही त्यांना ही थट्टा वाटेल. इथे तुम्ही घर पसंत करत नाही, घर तुम्हाला पसंत करतं. आधी अर्ज पाठवायचा. मग निवडक लोकांना बेझिष्टिगुंगला, म्हणजे घर बघायला, बोलावणं येतं. शनिवारी सकाळी जिन्यात वीस-पंचवीस माणसं उभी राहतात, एकमेकांकडे बघून हसतात आणि मनातल्या मनात एकमेकांना जिन्यावरून ढकलतात. घरमालकाने नेमलेला दलाल, ज्याला इथे माक्लर म्हणतात, प्रत्येकाची फाईल घेतो. 'कळवतो' म्हणतो. बहुतेकांना काहीच कळवत नाही.

दोनदा नकार पचवल्यावर माझ्या लक्षात आलं, अरे, हे सगळं तर आपलंच आहे! कांदेपोह्यांचा कार्यक्रम, फक्त पोहे नाहीत. मग मी फाईलसुद्धा तशीच करायला घेतली. माहितीपत्रकाऐवजी बायोडेटा. पहिल्या पानावर दोघांचा फोटो, फार चिकटून नाही, फार लांब नाही, मागे एक टवटवीत कुंडी, म्हणजे मालकाला वाटावं की हे लोक वेळच्या वेळी पाणी घालतात. दोघांची कायमची नोकरी. धूम्रपान नाही, कुत्रा नाही, मांजर नाही, वाद्य नाही. एक जण तबला वाजवायचा, त्याच्यासाठी 'संगीत ऐकण्याची आवड' असं लिहिलं. 'आहार साधा, शाकाहारी' हे ठळक अक्षरात. फोडणीच्या वासाबद्दल आम्ही एकमताने मौन पाळलं. एका दुकानात निळ्या फाईलींचा गठ्ठा स्वस्तात मिळाला होता, म्हणून सगळ्या फाईली निळ्या.

शिवाय तालीम. मी कॉलेजात एकांकिका केलेल्या आहेत आणि सध्या सॉफ्टवेअर तपासण्याचं काम करते, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका काढायचा मला पगार मिळतो. दोन्ही गुण कामी आले. आमच्या दिवाणखान्यात मी माक्लर व्हायचे. ह्यांना मी दाराची भूमिका दिली होती. बेल वाजली की उघडायचं, सगळे आत आले की बंद व्हायचं.

"अगं, दाराला काही संवाद?" ह्यांनी एकदा विचारलं.

"करकरायला हरकत नाही," मी म्हटलं.

आमची वस्ती कालव्याच्या पलीकडे आहे. आम्ही आलो तेव्हा तिथे ट्राम नव्हती. गावातून ट्रामने शेवटच्या थांब्यावर यायचं, मग बस. ती वीस मिनिटांनी एक, रविवारी तासाला एक. मला वाटायचं, बसचा एवढा त्रास आहे म्हणून निदान भाडं कमी असणं हे आपलं नशीब. बस गेली की ते कमी भाडंही तिच्याबरोबर जाईल, हा हिशेब माझ्या डोक्यात कधी आला नाही. जुनी चारमजली घरं, समोर बेकरी, कोपऱ्यावर कियोस्क, म्हणजे पेपर-सिगारेट-बिअरची टपरी. तिथे सकाळी आठलाच दोन-तीन आजोबा बिअरची बाटली धरून हवामानावर बोलत असायचे. पलीकडे शिवणकाम करणाऱ्या एक तुर्की बाई होत्या. साडीला फॉल लावायला त्यांना मी शिकवलं, आणि नंतर त्या माझ्यापेक्षा सरळ लावायला लागल्या.

आम्ही दुसऱ्या मजल्यावर. आमच्या डोक्यावर, तिसऱ्या मजल्यावर, एक बाई एकट्या राहायच्या. वय पंचाहत्तरच्या पुढे, नवरा बऱ्याच वर्षांपूर्वी गेलेला. चाळीस वर्षं त्या त्याच घरात होत्या आणि चाळीस वर्षं त्यांनी त्याच वस्तीत घरोघर पत्रं वाटली होती. त्या पायपिटीत उजवा गुडघा कामातून गेला. त्यांचं नाव लिहीत नाही, कारण त्यांना ते आवडणार नाही, आणि त्या रागावल्या की लेखी रागावतात. जिन्यात चिठ्ठी लागायची: 'काल संध्याकाळी पावणेआठ वाजता दुसऱ्या मजल्यावर कोणीतरी काहीतरी कुटत होतं.' ती मी. शेंगदाण्याचं कूट.

वरच्या बाईंचा जीव एका गोष्टीत होता. कालव्याकाठी भाड्याने घेतलेला बागेचा एक तुकडा. दोन आलुबुखारची झाडं, एक सफरचंदाचं, झेंडूचा वाफा आणि हिरवी खुर्ची. घरापासून आठशे पावलं.

"गुडघा एका दमात हजारापर्यंत परवानगी देतो," त्या म्हणायच्या. "दोनशे पावलं शिल्लक राहतात. मी श्रीमंत आहे."

मग ट्राम आमच्यापर्यंत आणायचं ठरू लागलं. शाळेच्या व्यायामशाळेत सभा झाली. महापालिकेच्या माणसांनी नकाशे लावले आणि लोकांना बोलायला सांगितलं. मला बोलायला सांगितलं की काय होतं हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे, म्हणून हे आणि आमची लेक मागच्या रांगेत जाऊन बसले. मी उठले. माझ्या जर्मनमधली सगळी लिंगं चुकत होती, पण हात बरोबर चालत होते. म्हातारी माणसं, शाळेतली मुलं, पावसात बसथांब्यावर उभी असलेली मी, असं एकेक पात्र मी रंगमंचावर आणलं. टाळ्या पडल्या. खूप.

माझ्यानंतर वरच्या बाई उठल्या. म्हणाल्या, "रूळ आले की घरांना परांच्या लागतील. परांच्या लागल्या की पत्रं येतील. ती कसली पत्रं असतात मला माहीत आहे. मी आयुष्यभर ती वाटली आहेत." आणि खाली बसल्या. टाळी एकही नाही.

"किती ती नकारघंटा," घरी येताना मी म्हणाले.

ट्राम सुरू झाली त्या दिवशी सगळ्यांना फुकट प्रवास होता. आपण दसऱ्याला सायकलीलासुद्धा हार घालतो, इथे तर नवी कोरी ट्राम! मी झेंडूचा हार केला आणि ती थांबल्याबरोबर पुढच्या बाजूला चिकटपट्टीने लावला. चालक खाली उतरला, हाराकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, नियमात हे बसतं का याचा विचार केला आणि हार काढून स्वतःच्या काचेच्या आत ठेवला. झेंडू वरच्या बाईंच्या बागेतला होता. कशासाठी हवा आहे ते मी मागताना सांगितलं नव्हतं.

त्याच संध्याकाळी मी आमच्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर लिहिलं: 'बाग, कालवा, शांतता, बावीस मिनिटांत मुख्य स्टेशन, आणि भाडं अजून माणसात आहे. या!'

आले. कसे आले म्हणून सांगू! दर महिन्याला एखादी निळी फाईल होत होती. दिवाळीच्या फराळाला आमच्या घरात जागा पुरेना. दारही खूश होतं, कारण उघडझाप भरपूर होती.

बाकीचं हळूहळू झालं. बेकरीच्या जागी कॉफीचं दुकान आलं, तिथे एका खुर्चीसारखी दुसरी खुर्ची नसते आणि ते मुद्दाम असतं. कियोस्कच्या जागी पुढे मोठी पेटी असलेल्या सायकली विकायला आल्या, त्या पेटीत मुलं बसवून लोक फिरतात. हवामानावर बोलणारे आजोबा कुठे गेले कळलं नाही. शिवणाऱ्या तुर्की बाई ट्राम संपते तिथून पुढे बसने जावं लागतं अशा ठिकाणी गेल्या. घरांच्या जाहिरातींत आता 'ट्रामपासून तीन मिनिटं' असायचं आणि त्याखालचा भाड्याचा आकडा वाचताना चष्मा पुसावासा वाटायचा. मला हे सगळं वाईट वाटलं असं मी सांगितलं तर ते खोटं होईल. मला ती कॉफी आवडत होती.

मग आमचं घर विकलं गेलं. जुना मालक स्वतः येऊन तुंबलेला नळ मोकळा करायचा. त्याने इमारत एका कंपनीला विकली. कंपनीकडून नळाला कोणी आलं नाही, परांची मात्र आली. पाठोपाठ पत्रं. भिंतींना थंडीपासून वाचवणारे थर, नव्या खिडक्या, गच्च्या, बाहेरून लिफ्ट, आणि हे सगळं झाल्यावरचं नवं भाडं. आमच्या घरात दोन पगार येतात, आम्ही कुरकुरलो आणि सही केली. वरच्या बाईंकडे पोस्टाचं निवृत्तिवेतन येतं.

त्या पत्र घेऊन खाली आल्या. 'मी सांगितलं होतं' असं म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

"लिफ्ट," त्या म्हणाल्या. "सुरुवातीची वर्षं मी कोळशाच्या बादल्या तीन मजले वर नेल्या. आता माझ्या गुडघ्यासाठी लिफ्ट येते आहे, आणि ती आली की मला इथे राहणं परवडणार नाही."

रात्रीच्या जेवणाला मी पेटले होते. "ह्या नव्या लोकांनी वस्ती खाऊन टाकली," वगैरे. आमची सतरा वर्षांची लेक मराठी सगळं समजते, बोलते मात्र जर्मनमधून. तिने शांतपणे विचारलं, "आई, नवे लोक म्हणजे कोण? आपल्या गल्लीत गेल्या वर्षी सात घरं नव्याने भाड्याने गेली. त्यातल्या पाचांची फाईल तू केलीस."

हे आमटीत बघत राहिले. मीही माझ्या वाटीतल्या आमटीत बघितलं.

वरच्या बाई घर शोधू लागल्या. दोन खोल्या हव्या होत्या, आणि बागेपासून हजार पावलांच्या आत. त्यांच्या पुतण्याने शहराच्या दुसऱ्या टोकाला वृद्धांसाठीच्या इमारतीत एक खोली बघून ठेवली होती. तिथे गेलं की दोन ट्राम बदलून बागेत यायचं, म्हणजे बाग सोडायची. पुतण्या म्हणायचा, तिथे प्रत्येकाला खिडकीत एक कुंडी ठेवता येते. बाई हे मला सांगताना 'एक' या शब्दावर थांबल्या होत्या.

पाच महिने त्यांनी स्वतःच्या वळणदार अक्षरात अर्ज लिहिले आणि प्रत्येक बेझिष्टिगुंगला मुरांब्याची एकेक बरणी नेली. बरण्या ठेवून घेतल्या गेल्या. घर मिळालं नाही. मग एका शनिवारी दुपारी त्यांनी आमची बेल वाजवली. दार, म्हणजे खरं दार, ह्यांनी उघडलं. बाई थेट माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"निळ्या फाईली तुम्ही करता?"

"कुठल्या निळ्या?" मी विचारलं. इतका वाईट अभिनय मी कॉलेजातसुद्धा केला नव्हता.

"आज जिन्यात चार भारतीय जोडपी होती. चौघांकडे निळी फाईल. चारही फोटोंत मागे कुंडी. त्यातली एक कुंडी," त्यांनी माझ्या खिडकीकडे बोट केलं, "ती."

मी मान खाली घातली.

"मलाही एक करून द्या," त्या म्हणाल्या.

पुतण्याला महिनाअखेर उत्तर द्यायचं होतं. आमच्याकडे तीन आठवडे होते. मी त्याच दिवशी वही घेऊन बसले आणि त्यांना बायोडेटा म्हणजे काय ते समजावलं.

"माझं लग्न एकदा झालेलं आहे," त्या म्हणाल्या.

"हे घराशी आहे. वाद्य वाजवता?"

"रेडिओ."

"छंद?"

त्यांनी विचार केला. "जिन्यात चिठ्ठ्या लावणे."

मी लिहिलं: 'इमारतीच्या शिस्तीत विशेष रस.' त्याखाली: 'चाळीस वर्षांत एकदाही भाडं थकलेलं नाही.' फोटो बागेत काढला, हिरव्या खुर्चीत, मांडीवर आलुबुखारांची टोपली. हसायला तयार नव्हत्या. शेवटी ह्यांना मी फोटोपुरतं करकरायला लावलं, तेव्हा कुठे ओठाचं एक टोक वर गेलं.

तालमीत त्या फार वाईट होत्या. मी माक्लर होऊन विचारलं, "आपलं वय काय?"

"तुमच्या बुटांपेक्षा जास्त."

"असं नाही बोलायचं! हसायचं."

"आम्ही अर्ज करताना हसत नाही. हसलं की लोकांना वाटतं काहीतरी लपवतोय."

मधल्या वेळात मी चहा आणि शंकरपाळे आणले. शंकरपाळा चावता चावता बाईंनी सहज विचारलं, "तुमच्या लोकांना घरात काय चालत नाही?"

आता मला विषय दिला! वास्तुशास्त्र! मी उठून दिवाणखान्यातच दिशा दाखवू लागले. ईशान्येला संडास म्हणजे संपलंच. स्वयंपाक करताना तोंड पूर्वेला. आणि सगळ्यात वाईट म्हणजे दक्षिणेकडे तोंड असलेलं मुख्य दार. ती यमाची दिशा. यम म्हणजे मृत्यूचा देव, रेड्यावर बसून येतो. मी यम केला, रेडाही केला.

"इंजिनिअर लोकसुद्धा हे मानतात?"

"इंजिनिअर म्हणतात, आम्ही नाही मानत. मग आईला फोन करतात."

"गेनाऊ," म्हणजे 'अगदी बरोबर', बाई म्हणाल्या आणि आणखी एक शंकरपाळा घेतला. ह्यांनी दाराच्या जागेवरून माझ्याकडे एकदा बघितलं. मी तेव्हा रेड्याच्या भूमिकेत होते, माझं लक्ष नव्हतं.

दुसऱ्या आठवड्यात शेजारच्या गल्लीत तळमजल्यावरची दोन खोल्यांची जागा निघाली. बागेपासून सहाशे पावलं, बाई मोजून आल्या. मालक त्याच इमारतीत वर राहणारा म्हातारा गृहस्थ, सगळा व्यवहार माक्लरकडे. फाईल पाठवली, आणि पाच महिन्यांत पहिल्यांदा बोलावणं 'अवश्य या' अशा शब्दांत आलं. शनिवारी सकाळी अकरा वाजता. मी धीर द्यायला बरोबर गेले.

जिन्यात माणसं होतीच. आणि त्यांच्यात नाशिकचं एक जोडपं. तो सॉफ्टवेअरमध्ये, ती दातांची डॉक्टर, इथल्या परीक्षेची तयारी करणारी. एका फर्निचरवाल्या खोलीत दिवस काढत होती बिचारी. त्यांच्या हातात निळी फाईल. पंधरा दिवसांपूर्वी मीच केलेली, आणि सांगायला लाज वाटते, माझ्या उत्तम कामांपैकी एक.

"मावशी! तुम्ही इथे?" ती आनंदाने म्हणाली. मग तिने माझ्या शेजारी उभ्या असलेल्या बाईंच्या हातातली निळी फाईल बघितली.

एकाच मुलीला मी दोन स्थळं घेऊन आले होते, आणि दोन्ही स्थळांना मी 'तुमच्यासारखं दुसरं नाही' म्हणून सांगितलं होतं. मी छताकडे बघू लागले. छत चांगलं होतं.

माक्लर टोकदार बुटांचा एक तरुण माणूस होता. बाईंनी तालमीप्रमाणे फाईल दिली, आणि चक्क हसल्या. मी मनात टाळी वाजवली. त्यानंतर तालमीत नसलेलं सुरू झालं. बाई खोलीखोलीतून हळूहळू फिरल्या आणि जो भेटेल त्याला मदतीच्या सुरात माहिती देऊ लागल्या. पहिली ट्राम पहाटे साडेचारला वळणावरून जाते तेव्हा खिडकीची काच थरथरते, पण सवय होते. तळघरात पाणी येतं, दरवर्षी नाही. वरच्या मजल्यावरचा मुलगा ट्रंपेट शिकतोय, प्रगती आहे.

"तुम्हाला हे कसं माहीत?" माक्लरने कडक आवाजात विचारलं.

"मी ह्या दारात चाळीस वर्षं पत्रं टाकली आहेत."

तीन-चार जण फाईल न देताच निघून गेले. नाशिकचं जोडपं मात्र ठाम होतं. त्याने फोनवर आईला व्हिडिओ लावला होता आणि स्वयंपाकघर दाखवत होता. तेवढ्यात बाई मुख्य दाराच्या उंबऱ्यावर जाऊन उभ्या राहिल्या, कोटाच्या खिशातून पितळेचं एक होकायंत्र काढलं, तळहातावर धरलं, आणि कोणाला उद्देशून नाही, नुसतं जिन्याला सांगितल्यासारखं म्हणाल्या,

"दक्षिण."

मला आमच्या दिवाणखान्यातला माझा रेडा आठवला.

"काय म्हणाल्या रे त्या?" फोनमधून आई.

"काही नाही, आई."

"हातात काय आहे त्यांच्या? होकायंत्र आहे का? दार कुठल्या दिशेला आहे?"

त्याने माझ्याकडे बघितलं. मावशी सांगतील, अशी ती नजर होती. आयुष्यात पहिल्यांदाच मला बोलायला सांगितलं आणि मी गप्प बसले.

शेवटी त्याची बायको फोनजवळ गेली आणि अगदी गरीब चेहरा करून म्हणाली, "आई, त्या दक्षिण म्हणतायत."

"अगं बाई!"

"आई, आपण नाही ना मानत हे," तो म्हणाला.

"मी कुठे मानते? तुम्ही खुशाल राहा. मला इकडे झोप लागणार नाही, एवढंच."

दहा मिनिटांनी त्याने माक्लरकडून आपली फाईल परत मागून घेतली. दोन पगार, कुंडी, शाकाहार आणि स्वच्छ कागदपत्रं असलेली माणसं घर का सोडतायत हे माक्लरला कळेना. त्याने मालकाला दाखवायला दोन फाईली वेगळ्या काढल्या होत्या. नाशिककरांची वरची होती. आता बाईंची वरची झाली. मालकाने फोटो बघितला आणि म्हणाला म्हणे, "ह्या बाईने माझं एकही पत्र कधी भिजू दिलं नाही." मंगळवारी होकार आला. बुधवारी पुतण्याला बाईंनी पत्र टाकलं. किती ओळींचं होतं ते विचारायचं मला धैर्य झालं नाही.

सामान हलवायला आमची मराठी मंडळी आली, नाशिकचं जोडपंसुद्धा. तिसऱ्या मजल्यावरून कपाट उतरवताना तो पोरगा पुढच्या बाजूला होता, आणि माझी नजर त्याच्याकडे जात नव्हती.

नव्या घरी बाईंनी मला कॉफीला बोलावलं. आलुबुखारचा केक होता. निघताना उंबऱ्यावर उभी असताना सहज चाळा म्हणून मी फोनवर दिशा बघितली. मग जिन्याचा लोखंडी कठडा सोडून चार पावलं बाहेर जाऊन बघितली. मग परत आत येऊन बघितली.

"हे दार पूर्वेला आहे," मी म्हटलं. पूर्व! ह्याहून शुभ दिशा आमच्याकडे नाही.

बाईंनी खणातून होकायंत्र आणलं आणि टेबलावर ठेवलं. मी ते गोल फिरवलं. सुई त्याच्याबरोबर गोल फिरली. कुठेही धरा, काचेला चिकटून बसलेली.

"माझ्या नवऱ्याचं," त्या म्हणाल्या. "हे घेऊन तो हार्ट्सच्या डोंगरात तीनदा चुकला."

"पण तुम्ही दक्षिण म्हणालात!"

"यंत्र दक्षिण म्हणत होतं. मी वाचून दाखवलं." आणि मला केकचा आणखी एक तुकडा वाढला.

मला त्या दिवशी हसू आवरेना, आणि घरी आल्यावर झोपही लागेना. बाईंना सहाशे पावलांवर बाग मिळाली होती. त्या पोरांना फर्निचरवाल्या खोलीत आणखी अडीच महिने काढावे लागले. शेवटी त्यांनाही घर मिळालं, ट्राम संपते तिथून बसने दोन थांबे पुढे, शिवणाऱ्या तुर्की बाईंच्या दुकानाच्या वरच. फाईल अर्थातच मी केली. ह्या वेळी हिरवी. माझ्या हाताला निळी लागत नव्हती.

संक्रांतीला त्यांनी हळदीकुंकवाला बोलावलं. बाकीच्या बायका बाहेर होत्या. स्वयंपाकघरात वाण भरता भरता मी तिला सगळं सांगून टाकलं. दार पूर्वेला होतं, होकायंत्र बिघडलेलं होतं, मला दिशा ठाऊक नव्हती पण शंका आली होती, आणि मी गप्प बसले.

तिने तिळगुळाच्या वड्या मोजायच्या थांबवल्या नाहीत.

"मावशी, मी तेव्हाच फोनवर बघितलं होतं. पर्समध्ये हात घालून. पूर्वच होती."

"मग बोलली का नाहीस?"

"मला तळमजला नकोच होता. अंधार, आणि रस्त्यावरचा प्रत्येक माणूस आत डोकावणार. ह्यांना मात्र ट्रामचं वेड. तीन मिनिटं, तीन मिनिटं, दुसरं काही सुचत नव्हतं. आयती आजी मिळाली मला." तिने गच्चीचं दार उघडून दाखवलं. "बघा ना, केवढं ऊन. आणि भाडंही देता येतं. बस आहे म्हणून."

एवढी गुणी नटी मी तालमीत घेतली होती आणि तिला संवाद पाठ करायला लावत होते!

मागच्या महिन्यात तिने मला एक फोटो पाठवला. तिच्या गच्चीतून काढलेला. खाली रस्त्यावर पिवळी जाकिटं घातलेली दोन माणसं, तिपाईवर दुर्बिणीसारखं यंत्र, आणि डांबरावर लाल रंगाच्या खुणा. खाली लिहिलं होतं: 'मावशी, ट्राम आमच्यापर्यंत येणार म्हणतायत! पुढच्या महिन्यात सभा आहे. हे उड्या मारतायत. तुम्ही याल का बोलायला?'

तो फोटो मी बाईंना बागेत नेऊन दाखवला. त्या हिरव्या खुर्चीत होत्या. चष्मा लावला, फोटो मोठा करून बघितला, आधी तिपाई, मग शिवणकामाच्या दुकानाची पाटी, मग वरची गच्ची. मला वाटलं, आता सभेतलं ते वाक्य येणार. मी तयार होते.

त्यांनी कोटाच्या खिशात हात घातला, होकायंत्र काढलं, काच बाहीला पुसली आणि माझ्या तळहातावर ठेवलं.

"त्या मुलीला द्या," त्या म्हणाल्या. "लागेल."